मुंबईत घर बदलताना: आखणी नव्या दारापासून मागे

मुंबईत शिफ्टिंगचा दिवस सामान बांधण्यात क्वचितच बिघडतो. वन बीएचकेचं सामान चार सराईत माणसं अर्ध्या दिवसात बांधून टेम्पोत रचतात. बिघाड होतो तो दोन्ही टोकांना. गेटवर वॉचमन एनओसी मागतो, कपाट लिफ्टमध्ये जात नाही, टेम्पो गल्लीच्या तोंडाशीच अडतो, नाहीतर सोसायटीने दिलेली वेळ संपते आणि अर्धं सामान पार्किंगमध्ये पडून राहतं. म्हणून आखणी नव्या घराच्या दारापासून सुरू करा आणि तिथून मागे मागे या.

आधी मोजपट्टी

घर पक्कं झालं की पॅकर्सना फोन करण्याआधी मेजरिंग टेप घेऊन नव्या इमारतीत एक चक्कर मारा. मोजायच्या गोष्टी: घराच्या दाराची रुंदी आणि उंची, पॅसेजमधलं वळण, लिफ्टच्या दाराची रुंदी-उंची, लिफ्टची आतली खोली, जिन्याचं लँडिंग आणि गेटची उंची. गेट विसरू नका. बंद कंटेनरसारख्या बॉडीचा टेम्पो कमानीखालून किंवा स्टिल्ट पार्किंगच्या (इमारतीखालच्या खांबांमधल्या पार्किंगच्या) स्लॅबखालून जात नाही, आणि मग प्रत्येक खोकं रस्त्यावरून लिफ्टपर्यंत डोक्यावर न्यावं लागतं. हमाल त्याचे पैसे वेगळे मागतात. त्यात त्यांची चूक नसते, हे अंतर त्यांना आधी सांगितलेलं नसतं.

आता आपल्या मोठ्या वस्तू मोजा. नेहमीचं लोखंडी कपाट 78 इंच उंच, 36 इंच रुंद आणि 19 इंच खोल असतं. ऑटोमॅटिक लिफ्टचं दार साधारण 2 मीटर, म्हणजे जेमतेम पावणेएकोणऐंशी इंच. याचा अर्थ कपाट उभं जाऊ शकतं, पण खालचं स्टँड काढलं तरच. स्टँडचे चार-सहा इंच धरले तर ते अडकतं आणि जिन्याने न्यावं लागतं. लाकडी कपाटाचं गणित वेगळं. 8 फूट उंच आणि 2 फूट खोल कपाट आडवं आत आणून खोलीत उभं करताना त्याचा कर्ण सुमारे 8 फूट 3 इंच होतो. नव्या घरात पीओपीची फॉल्स सीलिंग 8 फूट 2 इंचांवर असेल, तर ते कपाट खोलीत मावूनही उभं राहणार नाही. असं कपाट सुटं करूनच न्यावं लागतं.

गिरगाव, लालबागच्या जुन्या चाळींत लिफ्टचा प्रश्नच नाही. जिना अरुंद आणि लाकडी. पलंग-कपाटं गॅलरीतून दोरावर उतरवतात किंवा चढवतात. हे काम सगळ्या पॅकर्सच्या माणसांना जमत नाही, त्यामुळे फोनवर स्पष्ट विचारा. खालच्या मजल्यावरच्यांना आदल्या दिवशी सांगून ठेवा, आणि जुन्या कठड्यावर दोराचा भार घालू देऊ नका.

जी वस्तू नव्या घरात कुठे ठेवायची हे मोजूनही ठरत नाही, ती इथेच विकून टाका. नेऊन मग विकणं दुप्पट महाग पडतं.

करार, पोलीस, सोसायटी

भाड्याने जाणार असाल तर सामानाआधी कागद. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 नुसार लिव्ह अँड लायसन्स करार, म्हणजे आपला नेहमीचा भाडेकरार, लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे. 11 महिन्यांचा असला तरीही. ‘अकरा महिने आहेत, नोटरी पुरे’ हा सल्ला मुंबईत अजून सर्रास मिळतो आणि तो चुकीचा आहे. नोंदणीची जबाबदारी कायद्याने घरमालकावर आहे. वाद झाला आणि करार नोंदलेला नसला, तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरण्याची तरतूद आहे. हे मालकाला शांतपणे सांगितलं की तो सहसा तयार होतो.

खर्च फार नाही. मुद्रांक शुल्क एकूण भाडं अधिक डिपॉझिटवर वर्षाला 10 टक्के दराने धरलेलं व्याज, या बेरजेच्या 0.25 टक्के. उदाहरणार्थ भाडं 30,000, डिपॉझिट 1,00,000, मुदत 11 महिने: भाड्याचे 3,30,000 आणि व्याजाचे सुमारे 9,200, त्यावर शुल्क होतं साधारण साडेआठशे रुपये. महापालिका क्षेत्रात नोंदणी फी 1,000 रुपये. याच्या वर जे काही मागितलं जातं ते बहुतांश एजंटचं. हा करार ऑनलाइन होतो. आधार आणि अंगठ्याच्या ठशावर घरबसल्या काम उरकतं, मात्र म्हाताऱ्या माणसांचे ठसे कधी कधी उमटत नाहीत, तेवढ्यासाठी दोन दिवस हाताशी ठेवा.

भाडेकरूची माहिती पोलिसांना मालकाने द्यायची असते, मुंबई पोलिसांच्या संकेतस्थळावर ती ऑनलाइन भरता येते. पोचपावतीची प्रत तुम्हीही घ्या, कारण सोसायटी ती मागणार.

सोसायटीच्या सेक्रेटरींना किमान आठवडाभर आधी पत्र किंवा ईमेल द्या. त्यांना विचारायचे प्रश्न असे: शिफ्टिंगला कोणते दिवस आणि कोणती वेळ? रविवारी चालतं का? सामानासाठी कोणती लिफ्ट? शिफ्टिंग चार्ज किती, आणि परत मिळणारं डिपॉझिट किती? पावती मिळणार का? अनेक सोसायट्या सकाळी दहा ते संध्याकाळी पाच-सहा एवढीच परवानगी देतात. उत्तरं तोंडी घेऊ नका. सेक्रेटरींनी दिलेली तोंडी परवानगी सकाळच्या पाळीच्या वॉचमनपर्यंत पोचलेली नसते.

जुन्या सोसायटीतून निघतानाही हाच सोपस्कार असतो, याकडे बहुतेकांचं दुर्लक्ष होतं. मालकाचा मेंटेनन्स थकलेला असेल तर गेटपास अडकतो, मग तुमचा त्यात काही संबंध नसला तरी. गेटपास आदल्या दिवशी हातात हवा.

तारीख

महिनाअखेर आणि शनिवार-रविवार टाळता आले तर टाळा. सगळ्यांचे करार तेव्हाच संपतात आणि चांगली माणसं आधीच बुक झालेली असतात. गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा यांच्या आसपासही तेच. मुहूर्त पाळायचा असेल तर एक सोपा मार्ग आहे: मुहूर्तावर कलश, देव आणि दूध उतू घालण्यापुरतं पातेलं घेऊन जा, सामान मधल्या वारी हलवा. उलट, पितृपक्षात गाड्या आणि माणसं मोकळी असतात आणि भावही नरम असतो. ज्यांना हरकत नाही त्यांच्यासाठी याहून चांगले दिवस नाहीत. फक्त पाऊस तेव्हा पूर्ण गेलेला नसतो.

करारांत चार-पाच दिवसांचा दुहेरी ताबा मिळवा, म्हणजे तेवढे दिवस जुनं आणि नवं अशी दोन्ही घरं तुमच्याकडे. जास्तीचं भाडं जातं, पण रिकाम्या घरात पेस्ट कंट्रोल, रंग, साफसफाई, एसीची पाइप लाइन हे सगळं सामान यायच्या आधी होतं. पैसे मोजायचेच असतील तर भारी पॅकिंगपेक्षा या दिवसांवर खर्च करणं शहाणपणाचं.

जून ते सप्टेंबरमध्ये जाणार असाल तर दोन गोष्टी बघा: हवामान खात्याचा इशारा आणि भरतीची वेळ. साडेचार मीटरच्या वरच्या भरतीचे दिवस पावसाळ्याआधीच जाहीर होतात. भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले की पाणी समुद्रात उतरत नाही, आणि हिंदमाता, किंग्ज सर्कल, मिलन सबवे, अंधेरी सबवे इथे गाड्या अडकतात. अशा दिवशी उघडा टेम्पो ताडपत्री घालूनही नको. वारा ताडपत्री उचलतो आणि गाद्या कडेने भिजतात. गादी एकदा आतून भिजली की पावसाळ्यात ती वाळत नाही.

गाडी आणि पॅकर्स

छोटा हत्ती म्हणजे साधारण सात फुटी हौदा. वन आरकेचं सामान किंवा एकट्या माणसाचा संसार त्यात बसतो. वन बीएचकेला मोठी गाडी लागते, आणि भरलेल्या टू बीएचकेला 14 फुटी टेम्पो. दोन फेऱ्यांत छोट्या गाडीने नेऊ, हा हिशेब कागदावर स्वस्त दिसतो. बोरिवलीहून चेंबूरला दुसरी फेरी दुपारनंतर निघाली की ती संध्याकाळच्या गर्दीत सापडते आणि सोसायटीची वेळ उलटते. शिवाय मोठ्या मालवाहू गाड्यांना गर्दीच्या तासांत शहरात निर्बंध असतात. गाडीवाल्याला मार्ग आणि वेळ दोन्ही आधी विचारा. ठाणे किंवा नवी मुंबईला जाताना टोल कोण भरणार, हेही.

पॅकर्सना सामान प्रत्यक्ष किंवा व्हिडिओ कॉलवर दाखवा, माळ्यावरचं आणि बाल्कनीतलंसुद्धा. नुसत्या फोनवर सांगितलेला भाव हा भाव नसतो. कोटेशनमध्ये लेखी हवं: वस्तूंची यादी, माणसं किती, गाडी केवढी, दोन्हीकडचे मजले, लिफ्ट आहे की नाही, गाडी ते लिफ्ट अंतर, फर्निचर सुटं करणं-जोडणं धरलंय का, कर आणि टोल आत की बाहेर. नेहमीची फसवणूक एकच आहे: भाव कमी सांगायचा, आणि गाडी भरून झाल्यावर ‘सामान जास्त निघालं’ म्हणून वाढवायचा. तेव्हा तुमचा अख्खा संसार त्यांच्या गाडीत असतो. लेखी यादी असली की हा खेळ चालत नाही. आगाऊ रक्कम थोडी द्या, उरलेली सामान उतरल्यावर. विमा घेणार असाल तर तो प्रवासातल्या तुटफुटीला लागू आहे की फक्त गाडीच्या अपघाताला, हे वाचून घ्या.

दागिने, मूळ कागदपत्रं, लॅपटॉप, औषधं टेम्पोत जात नाहीत. ती तुमच्याबरोबर.

बांधाबांध

सुरुवात माळ्यापासून करा, शेवट स्वयंपाकघरात. माळ्यावरचं जे गेल्या दिवाळीच्या साफसफाईत उतरवलं आणि तसंच परत चढवलं, ते नव्या माळ्यावर नेऊ नका. भंगारवाल्याला आणि रद्दीवाल्याला पहिल्याच आठवड्यात बोलवा.

किराणा दुकानातली जुनी खोकी फुकट मिळतात, पण त्यांच्या घड्यांत झुरळांची अंडी असतात. स्वयंपाकघर आणि कपड्यांसाठी तरी नवी खोकी घ्या. पुस्तकं लहान खोक्यांत. 15 किलोच्या वर खोकं भरलं की तळ फाटतो. मोठ्या खोक्यात उशा, पडदे, प्लास्टिक. काचेची भांडी आणि ताटल्या उभ्या लावा, आडव्या रचल्या तर खालची फुटते. पांढऱ्या क्रॉकरीला थेट वर्तमानपत्र गुंडाळू नका, दमट हवेत शाई उतरते. लोणच्याच्या बरणीच्या तोंडावर प्लास्टिक, वर झाकण, त्यावर टेप, आणि तरीही ती बादलीत उभी ठेवून हाताने न्या. तांदूळ-डाळींचे मोठे डबे अर्धेच भरलेले असावेत. पूर्ण भरलेला डबा उचलताना कडी निखळते.

खोक्यावर वरच्या बाजूला लिहू नका, खोकी एकावर एक आली की ते दिसत नाही. दोन बाजूंना लिहा: नव्या घरातली खोली, आत काय, आणि क्रमांक. ‘किरकोळ’ असं लिहिलेलं खोकं सहा महिने उघडलं जात नाही.

पलंग, टेबल सुटं करताना त्याचे स्क्रू-नट पिशवीत घालून त्याच वस्तूच्या पाटीला टेपने चिकटवा. पार्टिकल बोर्डचं फर्निचर मात्र उगाच सुटं करू नका. त्याची स्क्रूची भोकं एकदा सैल झाली की पुन्हा पकड घेत नाहीत. दरवाज्यातून जात असेल तर तसंच न्या.

यंत्रं

इथे घाई केली तर नुकसान थेट हजारांत जातं.

फ्रिज आदल्या दिवशी रिकामा करून बंद करा, बर्फ वितळू द्या, दार उघडं ठेवून आतून कोरडा पुसा. नेताना उभाच. आडवा केला तर कॉम्प्रेसरमधलं तेल गॅसच्या नळीत जातं. उभा आणला असेल तर नव्या घरी चारेक तास थांबून चालू करा, आडवा आणावाच लागला असेल तर चोवीस तास.

फ्रंट लोड वॉशिंग मशीनबरोबर मागून लावायचे ट्रान्झिट बोल्ट आलेले असतात. ते शोधा. त्यांच्याशिवाय ड्रम हिंदकळतो आणि सस्पेन्शन जातं. नव्या जागी ते काढायला विसरलात तर पहिल्याच स्पिनला मशीन नाचायला लागेल. खालच्या फिल्टरमधलं पाणी आधी काढून टाका.

स्प्लिट एसी काढायला ओळखीचा टेक्निशियन बोलवा, पॅकर्सचा नको. योग्य पद्धत अशी की एसी कूलिंगवर चालू असताना आउटडोअर युनिटचा बारीक नळीचा व्हॉल्व्ह आधी बंद करायचा, गॅस सगळा बाहेरच्या युनिटमध्ये खेचला गेला की जाड नळीचा बंद करायचा आणि लगेच एसी बंद. हे न करता नळी कापली तर गॅस उडून जातो आणि नव्या घरी पूर्ण गॅस भरण्याचं बिल येतं. बसवताना व्हॅक्यूम पंप लावायला सांगा. नळीत दमट हवा राहिली तर कूलिंग कमी होतं. तांब्याची नळी नव्या ठिकाणी पुरेल का, हे आधी मोजा. जुन्या इमारतीत दोन एसी लावायचे असतील तर मीटरचा मंजूर भार किती आहे तेही बघा.

टीव्ही उभाच न्या, पॅनल आडवा झोपवला की स्वतःच्या वजनाने आणि रस्त्यातल्या खड्ड्यांनी तडकतो. आरओतलं पाणी पूर्ण काढा. इन्व्हर्टरची बॅटरी कायम उभी.

शेगडीचं जरा नीट समजून घ्या. सिलिंडरवरच्या आणि महानगर गॅसच्या पाइपवरच्या शेगडीचे जेट वेगळे असतात. सिलिंडरची शेगडी पाइपला लावली तर ज्योत मरतुकडी येते. उलट केलं तर ज्योत मोठी आणि पिवळी येते, ती धोक्याची. जेट बदलणं अधिकृत माणसाचं काम. सिलिंडर टेम्पोत बंद सामानात कोंबू नका: रेग्युलेटर काढून, टोपी लावून, उभा आणि हवेशीर जागी. मुंबईतच जात असाल तर गॅस कनेक्शन नव्या भागातल्या एजन्सीकडे वर्ग करता येतं. पाइप गॅस असलेल्या घरात जाणार असाल तर सिलिंडर आणि रेग्युलेटर एजन्सीत जमा करून डिपॉझिट परत घ्या. त्यासाठी कनेक्शनचं मूळ व्हाउचर शोधून ठेवा, ते नेमकं त्या दिवशी सापडत नाही.

तो दिवस

दोन माणसं लागतात: एक जुन्या घरी, एक नव्या घरी. एकट्याने दोन्हीकडे पळायचं ठरवलं तर जेव्हा सामान उतरतं तेव्हा तुम्ही ट्रेनमध्ये असता. नव्या घरी प्रत्येक खोलीच्या दारावर तिच्या नावाची चिठ्ठी चिकटवा आणि तिथे थांबणाऱ्याकडे खोक्यांची यादी असू द्या. आधी पलंग आणि कपाटं आत, मग खोकी. उलट झालं तर कपाट नेण्यासाठी खोकी परत बाहेर काढावी लागतात. कपाट बाहेरच्या भिंतीला चिकटवू नका, तीन-चार इंच सोडा. पावसाळ्यात त्या भिंतीला ओल येते आणि लाकडाच्या पाठीला बुरशी धरते.

जुनं घर रिकामं झालं की वीज आणि गॅसच्या मीटरचे फोटो, प्रत्येक भिंतीचे फोटो आणि चावी दिल्याचा मेसेज, हे तिन्ही मालकाला व्हॉट्सॲपवर पाठवा. नव्या घरातही पहिल्या तासात तेच: मीटर, भिंतींवरचे डाग, फुटलेली टाइल, गळका नळ. डिपॉझिटचे बहुतेक वाद या फोटोंपाशीच मिटतात.

एक पिशवी सगळ्यात शेवटी भरा आणि स्वतःजवळ ठेवा: चहा-साखर, एक पातेलं, लायटर, कप, साबण, टॉवेल, चादरी, चार्जर, एक्स्टेन्शन बोर्ड, पाना-स्क्रू ड्रायव्हर, कटर, दोन एलईडी बल्ब. बल्ब यासाठी की आधीचे भाडेकरू बरेचदा दिवे काढून नेतात. बादली आणि तांब्या टेम्पोत सगळ्यात शेवटी चढवा, म्हणजे आधी उतरतील. पाणी किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत येतं, हे वॉचमनला दुपारीच विचारा. रात्री टाकी रिकामी झाल्यावर कळून उपयोग नाही.

नंतरचे कागद

विजेची कंपनी भागानुसार बदलते. शहर भागात बेस्ट, उपनगरात बव्हंशी अदानी, काही ग्राहक टाटा पॉवरचे, भांडुप-मुलुंड आणि पुढे ठाण्याला महावितरण. ग्राहक क्रमांकावरून मागची थकबाकी ऑनलाइन दिसते, राहायला जाण्याआधी ती बघून मालकाकडून भरून घ्या. इंटरनेटची शिफ्टिंग विनंती आठ-दहा दिवस आधी टाका, पण त्याआधी त्या इमारतीत कोणाची केबल आहे ते विचारा. काही सोसायट्यांत एखाद-दुसऱ्याच कंपनीला परवानगी असते.

नोंदणीकृत करार हातात असला की आधारवरचा पत्ता ऑनलाइन बदलता येतो, आणि बँक, गॅस, ड्रायव्हिंग लायसन्स यांचं त्यामागून सोपं होतं. म्हणून पहिला नंबर आधारचा. मतदार यादीत पत्ता बदलायला फॉर्म 8 भरायचा. दुसऱ्या मतदारसंघात गेलात तरी हाच फॉर्म, नव्याने नोंदणीचा फॉर्म 6 भरू नका, नाव दोनदा येतं. जुन्या पत्त्याच्या पोस्ट ऑफिसात टपाल पुढे पाठवण्याचा अर्ज देऊन ठेवा. एलआयसीच्या आणि बँकेच्या नोटिसा अजूनही पोस्टमनच आणतो.